दुरुस्तीतला रु

नियम १. नियम लिहून पूर्ण झाल्याशिवाय कोणीही कामाला हात लावू नये.

हा नियम जावईबापूंनी एका रविवारी सकाळी लिहिला आणि तो इतका कसोशीने पाळला गेला, की पुढचे एकोणीस दिवस कामाला कोणाचाही हात लागला नाही.

काम तसं चिमूटभर होतं. जावईबापूंच्या सासऱ्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. एक टेबल, एक वाकवता येणारा दिवा, डोळ्याला लावायचं एक भिंग, चिमटे, आणि भिंतीवर एकवीस घड्याळं. एकविसांपैकी एकही दुसऱ्याशी सहमत नाही, पण ती सगळी गिऱ्हाइकांची. सासऱ्यांच्या स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ मात्र सेकंदालाही चुकत नाही. हा माणूस गप्पा मारतानाही समोरच्याच्या मनगटाकडे बघतो आणि मधेच म्हणतो, "तुमचं दोन मिनिटं मागे आहे हो." समोरच्याला आपण आयुष्यातच मागे पडल्यासारखं वाटतं.

तर गेल्या महिन्यात या माणसाने एकाचं घड्याळ दुसऱ्याला दिलं. दुसऱ्याने ते संध्याकाळी हसत परत आणून दिलं, पण बातमी तोवर घरी पोचली होती. बैठक बसली. थोरले जावई, म्हणजे आपल्या जावईबापूंचे साडू, एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. "आग लागण्याआधी बादली भरावी" हे ते बारशातसुद्धा म्हणतात. ते म्हणाले, "बाबांचं वय झालं. आज घड्याळ गेलं, उद्या..." उद्या काय जाईल ते त्यांना सुचलं नाही, पण त्यांनी हात हवेत असा काही सोडला की सगळ्यांना दुकानच गेल्यासारखं वाटलं.

ठरलं ते असं. आणखी एक घड्याळ चुकीच्या हातात पडलं की दुकानाचं शटर खाली, ते कायमचं. मग बाबांनी घरी आराम करायचा.

आराम हा शब्द ऐकून सासऱ्यांचा चेहरा थोडा मागे पडला.

तेव्हा जावईबापू उठून उभे राहिले. बैठकीत उठून उभं राहायची गरज नव्हती, सगळे जमिनीवर सतरंजीवर बसले होते, त्यामुळे ते फारच उंच दिसले. "आपण एक वेब ॲप करू," ते म्हणाले. "प्रत्येक घड्याळाला नंबर. दुरुस्त झालं की बाबांनी मोबाइलवर एक बटण दाबायचं. टेबलावरच्या स्क्रीनवर यादी दिसेल. कुठलं तयार, कोणाचं, कुठल्या खणात. स्क्रीन म्हणेल तेच द्यायचं. बाबांना काही लक्षात ठेवायलाच नको."

"महिना देतो," साडू म्हणाले. वास्तविक महिना त्यांचा नव्हता.

नियम २. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तिचा हेतू लिहावा.

म्हणून इथे जावईबापूंचा हेतू लिहायला हवा.

बावीस वर्षं ते एका कंपनीत संगणकासमोर बसतात. तिथे त्यांनी एकदा "कोड कसा लिहावा" यावर अडतीस पानी नियमावली तयार केली होती. नावं कशी द्यावीत, ओळी किती लांब असाव्यात, काम कोणी कोणाला दाखवून पुढे सरकवावं, सगळं त्यात होतं. ती उघडून बघणाऱ्यांची संख्या दोन. एक ते स्वतः. दुसरा चुकून आला होता, त्याला सुट्ट्यांची यादी हवी होती. पानाच्या तळाशी "सूचनांचे स्वागत आहे" असं लिहिलेलं होतं. ते स्वागत सहा वर्षं दारात हार घेऊन उभं होतं.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या हातात सासऱ्यांचं दुकान आलं तर तो आधी काय लिहील? कोड? काहीतरीच काय!

नियम ३. चमूतील प्रत्येकाची जबाबदारी स्पष्ट असावी.

चमू तिघांचा. जावईबापूंकडे टेबलावरची स्क्रीन. मेव्हण्याकडे मोबाइलवरचं बटण. हा बायकोचा धाकटा भाऊ, कामात हुशार, पण कोड लिहितो तो उभ्या उभ्या जेवल्यासारखा. "भावोजी, बटण काल रात्रीच झालं माझं," असं त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा नियम १ दाखवून त्याला ते पुसायला लावण्यात आलं.

तिसरी बायको. ती पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. छापायच्या आधी पान हिच्याकडे येतं आणि लाल होऊन परत जातं. हिला कोड येत नाही, पण हिच्या नजरेतून चूक सुटत नाही. लग्नपत्रिका आली तर आधी शुद्धलेखन बघते, मग कोणाचं लग्न ते. तेव्हा सगळ्यांचं काम वाचायचं हिच्याकडे.

फक्त नियमावली तिला दाखवायची नाही, नियम तोंडीच सांगायचे, असं जावईबापूंनी मनाशी ठरवलं. दाखवली असती तर ती लाल पेन घेऊन बसली असती, आणि त्या अडतीस पानांवर (दुकानाचे नियम धरून आता एक्केचाळीस) कोणाचीही खूण त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

नियम ४. एका गोष्टीचे सगळीकडे एकच नाव असावे.

ॲपमध्ये सर्वांत महत्त्वाचा शब्द एकच होता. घड्याळ दुरुस्त झालं, एवढं सांगणारा. तो इंग्रजी अक्षरांत कसा लिहायचा यावर चार दिवस गेले. मेव्हण्याचं स्पेलिंग वेगळं, जावईबापूंचं वेगळं. वरच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी पेपर न्यायला येतात (आणि दुपारी आणून देतात, शब्दकोडं सोडवून). त्यांनी तिसरं सुचवलं. काका अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेत. त्यांच्या मते प्रश्न स्पेलिंगचा नव्हताच. "जावक क्रमांक आहे का तुमच्या बदलांना? नाही? मग कसला कारभार करताय!" त्या दिवसापासून कोडमधल्या प्रत्येक बदलाला आवक-जावक क्रमांक सुरू झाला. वही काकांकडे. काका दुपारी दोन ते चार झोपतात, त्या वेळात बदल बंद.

शेवटी ठरलं, नावं सरळ मराठीतच लिहायची, आपल्या अक्षरांत.

"यंत्राला चालेल?" मेव्हण्याने विचारलं.

"यंत्राला सगळं चालतं. माणसांना चालत नाही."

आणि अधिकृत शब्द म्हणून जावईबापू स्वतः दुकानासमोर जाऊन उभे राहिले. वर पाटी होती, निळ्यावर पांढरी, हाताने रंगवलेली: "घड्याळ दुरूस्ती". त्यांनी तो शब्द अक्षरन् अक्षर उतरवून घेतला. ज्याच्यासाठी काम करायचं त्याचाच शब्द! मन भरून आलं. नियम ४ पूर्ण झाला: "काम झाल्याच्या अवस्थेचे नाव 'दुरूस्ती पूर्ण' असे राहील. यात बदल करू नये."

नियम ५. चूक सांगताना सभ्य भाषा वापरावी.

मागितलेलं घड्याळ यादीत नसेल तर स्क्रीनने काय म्हणावं? मेव्हणा म्हणाला, "नाही." एवढंच? समोर गिऱ्हाईक असणार, त्याला एकदम "नाही" कसं म्हणायचं? बायको म्हणाली, "थोडं थांबा, बघतो." पण यंत्र बघत नाही. काकांनी कपाटातून जुना मसुदा काढावा तसा मसुदा काढला: "सदर घड्याळ या दुकानात आलेले नाही. तसदीबद्दल क्षमस्व." सगळ्यांना पटला. तसदी या शब्दाला वजन होतं.

हा मसुदा लक्षात ठेवा.

नियम ६. एक वस्तू दोन ठिकाणी ठेवू नये.

नियम ७. स्वतःच्या कामाला स्वतः मंजुरी देऊ नये. दुसऱ्याने वाचून "पाहिले" असे लिहावे.

नियम ८. (काकांच्या झोपेबद्दल. वर आला आहे.)

नियम ९. कोडमधील शेऱ्याला अठ्ठेचाळीस तासांत उत्तर न आल्यास तो शेरा आपोआप निकाली निघेल.

शेरा म्हणजे कोडमध्ये एखाद्या ओळीला लावलेली चिठ्ठी. ती यंत्र वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. हे जरा ध्यानात असू द्या, कारण इथून पुढे या घरात बरंचसं बोलणं शेऱ्यांतूनच झालं.

ते असं. विसाव्या दिवशी काम सुरू झालं, एकविसाव्या दिवशी पहिल्या फाइल बायकोकडे वाचायला आल्या. तिने दोन्ही वाचल्या. दोन्हींत मिळून चौदा ठिकाणी एकच खूण केली.

ओळ ४१. ती: "दुरुस्ती"मधला रु ऱ्हस्व. चौदा ठिकाणी सुचवला आहे.

मेव्हण्याने मुकाट्याने आपल्या फाइलीतले सगळे रु ऱ्हस्व केले. ताई म्हणते म्हणजे बरोबरच असणार, हे त्याला लहानपणापासून पाठीवर शिकवलेलं होतं. जावईबापूंनी मात्र उत्तर लिहिलं:

तो: नामंजूर. नियम ४ पाहा. व्याकरण हा या टप्प्याचा विषय नाही.

मग ती लाल पेन कानावर खोचून बाहेरच्या खोलीत आली.

"अहो, 'स्त' जोडाक्षर आहे. त्याच्या आधीचा उकार ऱ्हस्व. पाचवीतलं पोर सांगेल."

"अगं, हे पाचवीचं पुस्तक नाही. कोड आहे हा. यंत्राला ऱ्हस्व-दीर्घाशी काय देणंघेणं?"

"नसेल. पण चुकीचं ते चुकीचं."

"तुला काय कळतंय यातलं?"

चार शब्द. ते तोंडातून निघाले तेव्हाच जावईबापूंना वाटलं होतं, परत घ्यावेत. पण निघालेल्या शब्दांना मागे घ्यायचा नियम एक्केचाळीस पानांत कुठेही नव्हता.

बायको आत गेली. अबोला सुरू झाला.

अबोल्याचे नियम कोणी कधी लिहून ठेवलेले नाहीत, म्हणूनच ते इतके नीट पाळले जातात. बोलायचं ते भिंतीशी. "कोणाला जेवायचं असेल तर पानं घेतली आहेत." भिंतीने उत्तर द्यायचं, "कोणाला भूक नाहीये." मग भिंतीनेच दहा मिनिटांनी येऊन मुकाट्याने जेवायचं. जो आधी नाव घेऊन हाक मारेल तो हरला. यांचा आजवरचा विक्रम सहा दिवसांचा होता.

पण नियम ७! तिने "पाहिले" लिहिल्याशिवाय एक ओळ पुढे सरकत नव्हती. तेव्हा:

ओळ ८७. ती: इथे स्वल्पविराम हवा.
तो: यंत्राला चालत नाही.
ती: यंत्राचं बरं ऐकलं जातं.

ओळ ११२. ती: गॅस संपला आहे.
तो: हा शेरा या फाइलशी संबंधित नाही.
ती: ही फाइल स्वयंपाकाशी संबंधित नाही.
तो: नंबर लावला आहे.
ती: पाहिले.

ओळ १३०. तो: निळा शर्ट सापडत नाही.
ती: नियम ६ पाहा.
तो: कपाटात नाही.
ती: मग दुसऱ्या ठिकाणी ठेवणाऱ्याने पाहावे.
मेव्हणा: ताई, भावोजी, हे सगळं मलापण दिसतं.

ओळ ४१ (पुन्हा). ती: धाकट्याने त्याच्याकडे ऱ्हस्व केला आहे. इथे अजून दीर्घ आहे. कोणताही ठेवा, पण दोन्हीकडे एकच ठेवा.

या शेवटच्या शेऱ्यावर जावईबापूंची नजर गेली होती. "ओळ ४१" एवढंच दिसलं आणि कान गरम झाले. उघडलाच नाही. पुन्हा ऱ्हस्व, पुन्हा जोडाक्षर, पुन्हा पाचवीतलं पोर! अठ्ठेचाळीस तासांनी यंत्राने अदबीने कळवलं: "नियम ९ नुसार हा शेरा निकाली काढण्यात आला आहे."

जावईबापूंना त्या दिवशी आपल्या नियमावलीचा फार अभिमान वाटला.

यानंतरच्या भागाला नियम नाही.

रविवारी सकाळी दुकानात सगळे जमले. दोघांनी आपापला भाग आपापल्या घरी, आपणच टाइप केलेल्या खोट्या घड्याळांवर तपासून पाहिला होता आणि दोन्ही झकास चालले होते. जोडले मात्र आदल्या संध्याकाळी, कारण शेवटचा जावक क्रमांक तेव्हा मिळाला. सासऱ्यांनी आठवडाभर मन लावून घड्याळं दुरुस्त करून प्रत्येकाचं बटण दाबलं होतं. साडू घडीची खुर्ची घेऊन आले होते आणि दाराजवळ, बाहेर पडायचा रस्ता मोकळा ठेवून, बसले होते. काका वहीसकट हजर. बायको मागच्या स्टुलावर, नवऱ्याकडे पाठ करून. अबोल्याचा नववा दिवस.

पहिल्या आल्या त्या दवाखान्यातल्या सिस्टर, पांढरे कपडे, खांद्याला पिशवी.

"आजोबा, झालं का माझं घड्याळ? अर्ध्या तासात ड्यूटी आहे. नाडी मोजायला दुसऱ्याचं मागावं लागतंय चार दिवस. पावती एकसष्ट."

सासरे हसले. त्यांचा हात तिसऱ्या खणाकडे गेला.

"बाबा," साडू खुर्चीतून म्हणाले, "आधी स्क्रीन."

हात थांबला. जावईबापूंनी घसा साफ केला, एकसष्ट टाइप केलं आणि कळ दाबली.

सदर घड्याळ या दुकानात आलेले नाही. तसदीबद्दल क्षमस्व.

"आलेलं नाही?" सिस्टर म्हणाल्या. "अहो, मी स्वतः दिलंय!"

जावईबापूंनी पूर्ण यादी उघडली. तयार घड्याळे: शून्य. भिंतीवरच्या एकवीस घड्याळांची टिकटिक एकदम मोठी झाली.

साडू उठले. आवाज मऊ होता, आणि तेच वाईट होतं. "बाबा, एकही नोंद नाही. तुम्ही बटण दाबायला विसरलात."

"दाबलं होतं," सासरे म्हणाले.

"आठवड्याभराचं एकही नाही हो यात."

"दाबलं होतं मी. प्रत्येकाचं." डोळ्याचं भिंग त्यांनी उगाचच काढलं, उगाचच पुसलं. "बहुतेक."

जावईबापूंनी या माणसाच्या तोंडून गेल्या चोवीस वर्षांत "बहुतेक" हा शब्द ऐकला नव्हता. समोरच्याचं घड्याळ सतरा सेकंद पुढे असेल तर हा माणूस "सतरा" म्हणतो, पंधरा-वीस म्हणत नाही. आणि आता त्याचा हात तिसऱ्या खणाच्या मुठीवर होता, घड्याळ आत होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि तो खण उघडत नव्हता. घाबरला होता.

"ठीक आहे बाबा, होतं असं," साडू म्हणाले. "आता आराम..."

"थांबा."

हे जावईबापू बोलले. का, ते त्यांना कळलं नव्हतं. गप्प राहिले असते तर बटण विसरलेल्या म्हाताऱ्यावर सगळं गेलं असतं, आणि एक्केचाळीस पानांवर एक डाग पडला नसता. "बाबा विसरले नसतील. चूक माझ्याकडची असेल."

"असेल म्हणजे? तुमचे तर नियम आहेत ना एवढे?" साडू म्हणाले.

"आहेत. म्हणूनच असेल."

त्यांनी कोड उघडला. वर गेले, खाली गेले. सगळं बरोबर दिसत होतं. मेव्हण्याने आपली फाइल शेजारी उघडली. तीही बरोबर. सिस्टरनी घड्याळ बघायला मनगट उचललं आणि रिकामं मनगट बघून खाली केलं.

"भावोजी, स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. नियम ७," मेव्हणा हळूच म्हणाला.

जावईबापूंनी मागे पाहिलं. स्टुलावरची पाठ हलली नाही. साडू बघत होते, काका बघत होते, सिस्टर बघत होत्या. नऊ दिवस. तीन दिवसांनी विक्रम मोडलेला. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, पण भिंतीवर घड्याळंच घड्याळं होती, बोलायला जागा नव्हती.

"अगं," ते म्हणाले. "जरा बघतेस का? मला यातलं कळत नाहीये."

पाठ वळली.

ती उठून आली. स्क्रीनकडे तिने पाहिलंही नाही. "मी बघितलंय," ती म्हणाली. "सहा दिवसांपूर्वी. ओळ एक्केचाळीस. तुमच्या नियमाने निकाली काढलं."

"काय होतं त्यात?"

"बाबा," ती सासऱ्यांकडे वळली, म्हणजे तिच्या वडिलांकडे, "तुमचं भिंग घ्या, आणि इथे बघा. हा शब्द, आणि हा."

सासरे खुर्ची सरकवून पुढे झाले. भिंग डोळ्याला लावलं. नाक स्क्रीनला टेकायचं बाकी राहिलं. एका हाताने त्यांनी सवयीने चिमटासुद्धा उचलला होता.

"शब्द एकच आहे," साडू म्हणाले.

"एक नाही," सासरे म्हणाले. आवाज बदलला होता, तो कामाचा आवाज होता. "या डावीकडच्या र ला नुसता आकडा आहे. उजवीकडच्याच्या आकड्याला शेपूट आहे. हे दोन दाते एकमेकांत बसायचे नाहीत. चाक फिरणार कसं?"

मेव्हण्याने कपाळावर हात मारला. "भावोजी! माझं बटण ऱ्हस्व लिहितं, तुमची यादी दीर्घ शोधते! बाबांनी सगळी बटणं दाबलीयत. सगळी आहेत इथे. यादीला सापडत नाहीयेत फक्त!"

"यंत्राला ऱ्हस्व-दीर्घाशी काय देणंघेणं," बायको कोणाकडेही न बघता म्हणाली.

जावईबापूंनी सात ठिकाणची शेपटं कापली. काकांनी वही उघडून तोंडही उघडलं, पण बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की जावक क्रमांक जावक झाला. तिने वाचलं. लिहिलं: "पाहिले."

तयार घड्याळे: नऊ. एकसष्ट, सिस्टर, तिसरा खण, निळी डबी.

सासऱ्यांनी खण उघडला. निळी डबी, आत पांढऱ्या तबकडीचं घड्याळ, लाल सेकंदकाटा पळतोय. सिस्टरनी ते बांधलं, लगेच स्वतःची नाडी मोजली, "माझीच वाढलीय," म्हणाल्या आणि पळाल्या.

साडूंनी खुर्ची घडी केली. "म्हणजे चूक बाबांची नव्हती."

"गेल्या महिन्यातली माझी होती," सासरे म्हणाले. "ही नाही." आणि मग, भिंग परत खिशात टाकत, "शटरचं पुढच्या महिन्यात बघू."

"बघू," साडू म्हणाले. दारात थांबून ते पुढे म्हणाले, "आमच्या कारखान्यात आगीच्या बादल्यांसाठी एक नियमावली हवी होती. तुमची जरा पाठवता?"

ती उघडून बघणारा तिसरा माणूस. जावईबापूंना क्षणभर डोळे पुसावेसे वाटले.

पण सासऱ्यांचं अजून संपलं नव्हतं. नादुरुस्त चाक बदललं तरी ते झिजलं कशाने, हे बघितल्याशिवाय हा माणूस घड्याळाचं झाकण लावत नाही.

"जावईबापू, ते शेपूटवालं अक्षर आणलंत कुठून तुम्ही?"

जावईबापूंची नजर दाराबाहेर, जरा वर गेली. मग सासऱ्यांची गेली. मग सगळेच फुटपाथवर येऊन मान वर करून उभे राहिले. निळ्यावर पांढरं: घड्याळ दुरूस्ती. सासऱ्यांनी भिंग काढून पाटीकडे धरलं, जणू तेवढ्याने ती जवळ येणार होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"पाचवीत होते तेव्हापासून."

"अख्ख्या राज्याची पुस्तकं लाल करतेस. मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही शिडीवर चढून रंगवत होतात," ती म्हणाली. "खाली शिडी मी धरली होती. चूक सांगितली असती तर तुम्ही वळून बघितलं असतं, आणि पडला असता. नंतर मग राहूनच गेलं."

सासऱ्यांनी पुन्हा एकदा वर पाहिलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि आत जाऊन पुढची डबी उघडली.

जावईबापूंनी त्या संध्याकाळी नियमावली बायकोसमोर ठेवली. ती तासाभराने परत आली, तेव्हा दोन पानं उरली होती आणि दोन्ही लाल होती. नियम ९ वर आडवी रेघ होती. जावईबापूंनी रेघेखाली एकच नवा नियम जोडला आणि फाइल पुन्हा तिच्याकडे सरकवली:

नियम ४ अ. दुकानाची पाटी या नियमांतून वगळली आहे. पाटी आहे तशीच राहील.

उत्तरात लाल शाईत एवढंच होतं: "'राहील'मधली ही दीर्घ. बरोबर आहे. पाहिले."